शहाणीचा तास

घरात तिला सगळे शहाणी म्हणत, आणि त्यात थट्टा नव्हती. ज्या पोरीने लहानपणी दुकानासमोर कधी पाय आपटले नाहीत, धाकट्या भावाच्या ताटात जास्त पडलं म्हणून कधी गाल फुगवले नाहीत, आणि पाहुण्यांकडे खाऊची बशी पुढे आली की आधी बाबांच्या तोंडाकडे बघितलं, तिला दुसरं काय म्हणणार? बाबा एका दवाखान्यात कंपाउंडर. डॉक्टरांसमोर उभ्या जन्मात खुर्चीवर न बसलेला माणूस. मुलांना त्यांची एकच शिकवण असे. कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं. तिसऱ्यांदा फारच आग्रह झाला तर थोडंसं घ्यायचं, आणि घेताना संकोच दिसला पाहिजे. भाऊ पहिल्यांदा विचारलं की लगेच हात पुढे करायचा आणि घरी येऊन बोलणी खायचा. शहाणी मात्र या विद्येत पहिल्या नंबराने पास झाली. लोक तिला विचारून विचारून दमायचे आणि मग आईला म्हणायचे, "काय छान वळण लावलंय हो मुलीला."

हेच वळण बरोबर घेऊन ती परदेशात शिकवायला गेली आणि तिथे तिची पार वाट लागली.

शिकवायला म्हणजे नोकरीवर नव्हे, शिकाऊ म्हणून. प्राथमिक शिक्षकांच्या अभ्यासक्रमाचं तिचं शेवटचं वर्ष होतं आणि कॉलेजने ज्या मोजक्या मुलींना एका सत्रासाठी बाहेरच्या देशातल्या शाळेत धाडलं, त्यांत ही होती. तिकडची भाषा तिने दोन वर्षं घोटून घोटून शिकून घेतली होती. अट साधी होती. तिथल्या वर्गात एकटीने उभं राहून ठरलेले सरावपाठ घ्यायचे. तिथल्या कॉलेजातले एक पर्यवेक्षक सत्राच्या शेवटी येऊन त्यांतले काही बघणार आणि हिला शिकवता येतं असा शेरा देणार. तो मिळाला की घराजवळच्या शाळेत तिची जागा पक्की. तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंनी ती तिच्यासाठी अडवून धरली होती, पण सत्र संपेपर्यंतच. "येताना बाई होऊनच येईल आमची शहाणी," असं बाबा दवाखान्यातल्या प्रत्येक पेशंटला औषधाच्या पुडीबरोबर सांगत होते.

शाळा बसकी आणि लांबलचक होती. मधून एक मोठा व्हरांडा, त्याच्या भिंतीला मुलांच्या कमरेच्या उंचीवर खुंट्या, खुंट्यांवर कोट आणि खाली बाहेर घालायच्या बुटांची रांग. शेवटचा वर्ग दुसरीचा. त्या वर्गाच्या बाई उंच, सडपातळ, केस आखूड कापलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. सगळं आयुष्य लहान मुलांत गेलेलं. वर्गबाई सफरचंद खात खात चालायच्या आणि चालता चालता काम सांगायच्या. त्यांना हवं असेल ते त्या मागायच्या, नको असेल त्याला नको म्हणायच्या, आणि दोन्ही वेळा त्यांचा चेहरा एकसारखाच असायचा.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. शाळा सुटली होती, वर्गबाई फळा पुसत होत्या. पुसता पुसता त्यांनी विचारलं, "उद्याचा गणिताचा तास तू घेतेस का?"

शहाणीला मनातून हेच हवं होतं. मोजमापाचा एक पाठ तिने घरून निघण्याआधीच रचून ठेवला होता. मुलांना पावलांनी वर्गाची लांबी मोजायला लावायची, प्रत्येकाचं उत्तर वेगळं येणार, मग भांडण, मग भांडणातूनच पट्टी कशाला लागते ते कळणार. हा पाठ डोळ्यांपुढे नाचत असताना तिचं तोंड मात्र सवयीने आपलं काम करून मोकळं झालं. "नको, तुम्हीच घ्या. मी बघून शिकते," ती म्हणाली, आणि खाली बघून दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहू लागली.

"बरं," वर्गबाई म्हणाल्या. फळा पुसून झाला, त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि त्या घरी गेल्या.

शहाणी रिकाम्या वर्गात तशीच उभी. तिला वाटलं, घाईत असतील, उद्या विचारतील. उद्या नाही विचारलं. परवा विचारतील. परवाही नाही. मग तिला वाईट वाटलं, आणि नंतर राग आला. एकदाच विचारायचं म्हणजे काय, जुलमाचा रामराम? मनातून द्यायचाच नसेल तास, म्हणूनच असं वरवर विचारलं असणार. चहाचं तेच. शिक्षकांच्या खोलीत पहिल्या दिवशी वर्गबाईंनी किटली हातात धरून विचारलं, "चहा?" ही म्हणाली, "नको नको." किटली पुढे गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी कुणी विचारलंही नाही. ही चहा पीत नाही, असं त्या खोलीत कायमचं ठरून गेलं. ज्या पोरीचा सकाळी चहाशिवाय डोळा उघडत नसे, ती रोज त्या वाफेत बसून नळाचं पाणी पिऊ लागली.

मग कोटांचं काम आलं. मधल्या सुट्टीत मुलांना बाहेर सोडायचं तर आधी त्या सगळ्यांना कोट, टोप्या, हातमोजे आणि बूट चढवायचे. बाहेर थंडी मरणाची. एकाची चेन अडकलेली, एकीचे बूट उलट्या पायात, एकाचा डावा हातमोजा सापडत नाही म्हणून भोकाड पसरलेलं, आणि सगळ्यांची नाकं वाहती. या कामात वर्गबाईंच्या नाकी नऊ यायचे. धाकट्या भावाला वर्षानुवर्षं तयार करून शाळेत पाठवलेली शहाणी पुढे झाली आणि सुट्टी सरायच्या आत, एरवी जिथे निम्मी मुलं व्हरांड्यातच असत, तिथे अख्खी रांग मैदानात गेली. वर्गबाई बघतच राहिल्या.

"तू आल्यापासून मला मधली सुट्टी मिळायला लागली," त्या म्हणाल्या.

झालं. त्या दिवसापासून व्हरांडा तिच्याकडे. मुलं तिला कोटवाली ताई म्हणू लागली. पुढे कागद कापायचं काम आलं, चित्रांना प्लास्टिकचं आवरण चढवणाऱ्या त्या गरम यंत्रापुढे बसायचं काम आलं, पेन्सिलींना टोक काढायचं, डिंकाच्या बाटल्यांची तोंडं साफ करायची, वह्यांचे गठ्ठे लावायचे. ती नाही म्हणाली नाही. उलट सांगायच्या आधीच करू लागली, कारण घरची दुसरी शिकवण तीच होती. न सांगता राबून दाखवलं की वरचे आपणहून जागा देतात. या शिकवणीवर बाबा त्याच दवाखान्यात त्याच कपाटाशेजारी आयुष्यभर उभे होते, पण हे तिच्या डोक्यात कधी आलं नाही.

तास चालू असताना ती मागच्या रांगेत लहान मुलांच्या खुर्चीवर बसायची, गुडघे हनुवटीला टेकवून. एक दिवस मोजमापाचा भाग आला. वर्गबाईंनी मुलांना पट्ट्या वाटल्या, कागदावरच्या रेघा मोजायला सांगितल्या, उत्तरं फळ्यावर लिहिली, आणि तासाभरात प्रकरण संपलं. शहाणी मागे बसून दातओठ खात होती. तिच्या मनातल्या पाठात मुलं भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत होती, आरडाओरडा करत होती, आणि इथे ती मुकाट्याने रेघेला पट्टी लावून बसली होती. त्या संध्याकाळी भाड्याच्या खोलीत तिने तो पाठ कपाटाला शिकवला. पूर्वीही शिकवला होता. ते कपाट एव्हाना मोजमापात पक्कं झालं होतं.

बरं, तिने प्रयत्न केले नाहीत असंही नाही. आपल्याकडे जसे करतात तसे केले. तास सुरू होण्याआधी ती खडू हातात घेऊन फळ्याशेजारी रेंगाळायची. वर्गबाई तिच्या हातून खडू घ्यायच्या आणि आभार मानायच्या. कधी ती म्हणायची, "उद्या वजाबाकी आहे ना?" वर्गबाई म्हणायच्या, "हो." कधी म्हणायची, "हा भाग मुलांना जड जातो, नाही?" वर्गबाई विचार करून सांगायच्या, "काहींना जातो." जो प्रश्न विचारला त्याचं नेमकं उत्तर द्यायचं आणि त्याच्या पोटातलं काही बघायचं नाही, असा त्या बाईचा स्वभाव. शहाणीला वाटे, ही बाई एक तर दगड आहे नाहीतर पक्की बेरकी. रात्री उशीत तोंड खुपसून ती तिला मराठीत मनसोक्त शिव्या द्यायची आणि सकाळी जाऊन हसतमुखाने तिच्या पेन्सिलींना टोक काढायची.

रविवारी बाबांचा फोन यायचा.

"बाई काय म्हणतात?"

"खूश आहेत माझ्यावर."

"शिकवतेस ना व्यवस्थित?"

"चाललंय, बाबा."

"चांगलं आहे. पण फार पुढे पुढे करू नकोस हो. परकी माणसं. त्या देतील तेवढं घ्यायचं."

"हो बाबा," ती म्हणायची, आणि फोन ठेवल्यावर आपण खोटं बोललो याचा राग तिला कुणावर काढावा ते कळायचं नाही.

सत्र संपत आलं तेव्हा पर्यवेक्षक आले. सायकलवरून येणारे, हेल्मेट काखेत मारलेले, घाईचे पण सरळ गृहस्थ. शाळा सुटल्यावर नकाशांच्या गुंडाळ्या ठेवायच्या खोलीत तिघंजण बसले. पर्यवेक्षकांनी विचारलं, "तर किती पाठ झाले?"

शहाणीने वर्गबाईंकडे बघितलं.

"एकही नाही," वर्गबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. खिडकी बंद आहे असं सांगावं तशा त्या सांगत होत्या. "मी पहिल्याच आठवड्यात तिला विचारलं होतं. ती नको म्हणाली. मला वाटलं, तयारी झाली की स्वतः सांगेल. तिने पुन्हा विषयच काढला नाही. कामाला वाघ आहे, मुलांना जीव लावते. पण शिकवायची आवड नाही तिला. नसते एखाद्याला. मदतनीस म्हणून कुठलीही शाळा तिला आनंदाने घेईल, तसं मी सांगायला तयार आहे."

शहाणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके आठवडे जी गोष्ट तिला हवी होती, जिच्यासाठी ती देश सोडून आली होती, तीच तिला नको आहे असं तिच्या तोंडावर सांगितलं जात होतं, आणि तेही कौतुकाने. मूग गिळून बसायची सवय हाडीमासी खिळलेली, तरी ते मूग आता घशाखाली उतरेनात.

"तो नकार नव्हता," ती म्हणाली.

वर्गबाईंनी वळून बघितलं. "तू नको म्हणालीस."

"म्हणाले. पण आमच्याकडे पहिल्यांदा नकोच म्हणतात."

"का?"

"लगेच हो म्हटलं तर चांगलं दिसत नाही."

"मग हवं असलं तर काय करतात?"

"समोरचा दुसऱ्यांदा विचारतो. मग हो म्हणतात. तिसऱ्यांदा म्हटलं तर जास्तच चांगलं."

"आणि खरोखर नको असलं तर?"

"तरी नकोच म्हणतात."

वर्गबाईंनी चष्मा काढला. "मग समोरच्याला कळायचं कसं?"

"कळतं," शहाणी रडकुंडीला येऊन म्हणाली. तिला दुसरं काही सुचलंच नाही. घरी खरंच सगळ्यांना कळत होतं.

मग वर्गबाई सावकाश म्हणाल्या, "मी तुझ्या शब्दाला मान दिला. तू नको म्हणाल्यावर पुन्हा विचारणं म्हणजे तुझ्यावर दडपण आणणं झालं असतं. रोज माझ्या मनात यायचं, ही का येत नाही पुढे? मला चीड यायची तुझी, खरं सांगते. इतकी हुशार मुलगी आणि कोट चढवत बसते." त्या थांबल्या. "चहाचंही असंच होतं का?"

"हो."

"म्हणजे तू इतके दिवस," वर्गबाई म्हणाल्या आणि काढलेला चष्मा पुसायला लागल्या. त्यांनाही वाईट वाटलेलं दिसलं. शहाणीला मात्र त्यांच्या वाईट वाटण्याने काडीचंही समाधान झालं नाही. तिला एवढंच दिसत होतं की ती बाई बेरकी नाही, दगड नाही, आणि आता शिव्या द्यायच्या तर कुणाला द्यायच्या हा प्रश्नच आहे.

पर्यवेक्षक व्यवहारी होते. ठरलेले सगळे पाठ आता बसणं शक्य नाही, ते म्हणाले, पण उद्या एक पाठ घे, मी मागे बसतो. निदान काही सांगण्यासारखं तरी माझ्या हाती असेल.

दुसऱ्या दिवशी ती फळ्यासमोर उभी राहिली. ज्या क्षणाची तिने कपाटापुढे इतकी तालीम केली होती तो आला, आणि मुलं तिच्याकडे न बघता मागे वळून वळून बघत बसली. बाई कधी उठून पुढे येतात याची ती वाट बघत होती. बाई मागे, त्या छोट्या खुर्चीवर, गुडघे वर करून बसल्या होत्या. पर्यवेक्षक त्यांच्या शेजारी.

"आज आपण वर्ग मोजणार आहोत," शहाणीने सुरुवात केली.

पहिल्या बाकावरच्या मुलाने बूट बाकावर ठेवला. नाडी सुटली होती. तो काही बोललाही नाही, नुसता पाय पुढे केला. तिने वाकून नाडी बांधली. मग एक पेन्सिल आली, टोक मोडलेली. तिने टोक काढून दिलं. एकीचं नाक पुसलं. एकाने हात वर केला, तिला बरं वाटलं, पण तो मान मागे वळवून म्हणाला, "बाई, मी पाणी पिऊन येऊ?" मागून वर्गबाईंनी मान हलवली आणि पोरगा निघून गेला. त्याच्यामागे आणखी दोघं. एकीकडे दोन मुलींची रबरावरून जुंपली. शहाणी एका बाकाकडून दुसऱ्या बाकाकडे धावत होती, वाकत होती, पुसत होती, बांधत होती, आणि तोंडाने मोजमापाबद्दल काहीतरी बोलत होती जे कुणीच ऐकत नव्हतं. तिच्या लक्षात येत होतं की ही सवय पोरांना दुसऱ्या कुणी लावलेली नाही. पर्यवेक्षकांनी घड्याळाकडे बघितलं. निम्मा तास हां हां म्हणता गेला होता.

पहिल्या बाकावरच्या त्या मुलाची नाडी पुन्हा सुटली. पुढचे दोन दात पडलेला, गोल तोंडाचा पोरगा. त्याने पुन्हा बूट बाकावर ठेवला.

"नाही," शहाणी म्हणाली.

त्याला नवल वाटलं. "का?"

"मी आत्ता शिकवतेय."

"तू शिकवत नाहीस," तो समजावून सांगितल्यासारखा म्हणाला. "तू कोट घालून देतेस."

त्या पोराच्या मनात काही नव्हतं. पण शहाणीला भर वर्गात कुणी मुस्कटात मारावी तसं झालं. रडू आलं असतं तर एकवेळ बरं, पण रडू आलं नाही. राग आला, आणि तो तिने पहिल्यांदाच गिळला नाही.

"आज शिकवतेय," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा बराच मोठा निघाला. "तुझी नाडी तू बांध, नाहीतर तशीच लोंबू दे. उभा राहा. त्या भिंतीपासून या भिंतीपर्यंत चाल, टाचेला अंगठा लावून. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोज."

वर्ग चिडीचूप झाला. कोटवाली ताई ओरडू शकते ही बातमी त्यांना नवीन होती. पोराने मागे बाईंकडे बघितलं. वर्गबाई खिडकीबाहेर बघत होत्या, आणि हे त्यांनी मुद्दाम केलं हे शहाणीला नंतर कळलं. मग तो उठला आणि नाडी फरफटवत टाचेला अंगठा लावत चालू लागला. त्याच्यानंतर वर्गातली सगळ्यात उंच मुलगी चालली. तिचं उत्तर बरंच कमी आलं. मग तिसरा. मुलं जागेवरून उठली. तू चुकलास, तू मध्ये उडी मारलीस, तू अंगठा लावलाच नाहीस, असा गलका सुरू झाला. दात पडलेला पोरगा पुन्हा पहिल्यापासून मोजायला धावला. पाणी प्यायला गेलेले परत आले आणि आम्हालाही मोजायचंय म्हणून रांगेत घुसले. शहाणी बाकावर चढून उभी राहिली आणि म्हणाली, "वर्ग एकच आहे. मग उत्तरं वेगळी का?"

आणि घंटा झाली.

पट्टी तिच्या हातातच राहिली. पाठाचा सगळा जीव ज्या एका वाक्यात होता तिथपर्यंत ती पोचलीच नव्हती. मुलं भांडत भांडतच व्हरांड्यात गेली. बाहेरून हातमोज्यांचा आणि चेनींचा नेहमीचा गोंधळ ऐकू येऊ लागला, आणि शहाणी वर्गातून हलली नाही. कुणीतरी मदतीला गेलं असेल किंवा नसेल, तिने बघितलं नाही.

पर्यवेक्षकांनी आडपडदा ठेवला नाही. "शेवटी शेवटी पाठ झाला," ते म्हणाले. "तो चांगला होता. त्याआधी जे चाललं होतं ती हमाली होती. आणि एका अर्ध्या पाठावर मला शेरा देता येत नाही. सत्र पुन्हा करावं लागेल, पहिल्यापासून. पुढच्या सत्राला इथे एक जागा आहे. राहायचंय का?"

राहायचं म्हणजे घराजवळची जागा गेली. न राहायचं म्हणजे हात हलवत परत. शहाणीचं तोंड उघडलं आणि सवयीचा तो शब्द जिभेच्या टोकावर येऊन बसला. तिला स्वतःचाच संताप आला.

"हो," ती म्हणाली. "राहायचंय."

पर्यवेक्षकांनी मान डोलावली आणि ते हेल्मेट शोधायला लागले. काय ही पोरगी, एकदा विचारलं तर लगेच हो म्हणाली, असं कुणाच्याही चेहऱ्यावर उमटलं नाही. जीभ सुटली होती तेवढ्यात शहाणी वर्गबाईंकडे वळली.

"मला तुमच्याच वर्गात यायचंय. आणि तास हवा. रोज एक."

वर्गबाईंनी खरोखर विचार केला. "रोज नाही देणार. मुलं माझी आहेत. एक दिवसाआड देईन."

"पहिला महिना एक दिवसाआड. नंतर रोज."

"बघू," वर्गबाई म्हणाल्या, आणि बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "कोटांसाठी मला दुसरं कुणीतरी शोधावं लागेल."

दुपारी खोलीवर येऊन तिने स्वतःच घरी फोन लावला. रविवार नव्हता, त्यामुळे बाबा दवाखान्यात होते. त्यांनी घाबरून विचारलं, "बरी आहेस ना?" आणि तिने सगळं एका दमात सांगून टाकलं. एकही पाठ झाला नव्हता. चाललंय म्हणत होते ते खोटं होतं. बाईंनी विचारलं होतं, मीच नको म्हणाले. आज अर्धा पाठ झाला. नापास झाले. घराजवळची जागा गेली. मी अजून एक सत्र इथेच राहतेय.

पलीकडून पेशंटांच्या खोकण्याचा आणि कुजबुजीचा आवाज येत होता. मग बाबा हळू आवाजात म्हणाले, "बाईंना उलटून बोलली नाहीस ना काही?"

शहाणीने फोन कानापासून दूर धरला. अख्खं सत्र वाया गेलं, जागा गेली, आणि यांना काळजी कसली, तर मुलगी उद्धट दिसली का याची. तिने फोन पुन्हा कानाला लावला.

"बोलले," ती म्हणाली. "आणि बाबा, मला तुमचा राग आलाय."

"माझा?"

"तुमचाच. नको कसं म्हणायचं ते तुम्ही मला इतकं घोटून शिकवलंत. हवं असलं तर काय म्हणायचं, ते कधीच शिकवलं नाहीत. त्या बाईला मी इतके आठवडे शिव्या देत बसले. तिचा काय दोष? तिने विचारलं होतं."

आतल्या खोलीतून डॉक्टरांनी घंटी वाजवली. ती घंटी शहाणीच्या ओळखीची होती. ती वाजली की बाबा हातातला घास टाकून उठत. आता ते 'ठेवतो गं' म्हणतील आणि जातील, हे तिला माहीत होतं. चांगलं वागण्याच्या नादात आपण दोघंही आयुष्यभर हेच करत आलोय, या विचाराने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

घंटी पुन्हा वाजली. कुणीतरी म्हणालं, "अहो, आत बोलावतायत."

"वाजू दे," बाबा म्हणाले. मग ते फोनमध्ये म्हणाले, "तू सांग. काय हवंय तुला?"

हा प्रश्न त्यांनी तिला आजवर एकदाही विचारला नव्हता. तशी वेळच तिने कधी येऊ दिली नव्हती.

"फोन ठेवू नका," ती म्हणाली. "बरंच आहे."